दुसरी दुर्बीण

पहिली दुर्बीण घेताना प्रश्न असतो, 'कुठली घ्यायची?' दुसऱ्या वेळी तोच प्रश्न 'कशाला घ्यायची?' असा होतो. आणि तो बायको विचारते, त्यामुळे उत्तर द्यावंच लागतं.

"एक आहे ना चांगली?"

आहे. चांगलीच आहे. २०१४ साली घेतलेली माझी ८×४२ पाषाण तलावापासून भिगवणपर्यंत सगळीकडे माझ्या गळ्यात लोंबकळत हिंडली आहे. पावसात भिजली, एकदा सिंहगडाच्या पायथ्याशी दगडावर आपटली, तरी अजून ठणठणीत. तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, आणि तिथेच पंचाईत आहे. मोडली असती तर 'आता नवीन घेतोच' म्हणून मोकळा झालो असतो. चांगली चालणारी वस्तू घरात असताना दुसरी आणायची, म्हणजे त्याला कारण लागतं.

ज्यांना ८×४२ हा पीएमटीच्या बसचा नंबर वाटतो, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाकीच्यांनी दोन परिच्छेद उडी मारली तरी चालेल.

पहिला आकडा म्हणजे किती पट. ८० मीटरवर बसलेला खंड्या आठपटीच्या दुर्बिणीतून साधारण १० मीटरवर बसल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखली की डोळ्याकडच्या काचेत एक छोटा उजळ गोल ठिपका दिसतो ना, त्याचा हा व्यास. दुर्बिणीतला सगळा प्रकाश त्या ठिपक्यातून बाहेर पडतो, आणि आपली बाहुली नेमकी तिथे आली तरच चित्र पूर्ण दिसतं. हा ठिपका लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भर उन्हात आपली बाहुली २-३ मिमीच उघडते. अंधारात तरुण माणसाची ७ मिमीपर्यंत जाते, पण वय वाढलं की ती तेवढी उघडत नाही, ५ वर किंवा त्याच्याही खाली थांबते. म्हणजे बोटीवर वापरतात त्या ७×५० चा ७ मिमीचा ठिपका साठीतल्या माणसाला रात्रीसुद्धा पूर्ण वापरता येत नाही. प्रकाश येतो आणि बुबुळावर सांडून वाया जातो. 'जितकी मोठी काच तितकं छान' हे दुकानात ऐकायला बरं वाटतं, पण डोळ्याचंही काही म्हणणं असतं.

असो. तर दुसरी दुर्बीण. धंद्याच्या सवयीने मी एक्सेल शीट उघडली. वजन, दृश्यक्षेत्र, जवळचा फोकस, किंमत असे कॉलम टाकले आणि उमेदवार गोळा केले. आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमध्ये विषय काढला, तर अर्ध्या तासात सोळा मतं आली. माणसं दहा होती.

पहिला उमेदवार १०×४२. भिगवणला बोटीत बसून लांबवर रोहित दिसतात, गुलाबी रेघ ओढल्यासारखे. अशा वेळी हमखास वाटतं, अजून दोन पट हवी होती. पण ही दोन पट फुकट मिळत नाही. चित्र दहापट मोठं होतं तशी हाताची थरथरही दहापट होते, आणि उजनीच्या पाण्यावर नावाडी वल्ही मारत असताना थरथर फक्त हाताची नसते. शिवाय दृश्यक्षेत्र आकसतं. १००० मीटरवर ८× मधून साधारण १३०-१४० मीटरचा पट्टा दिसतो, १०× मधून ११० च्या आसपास. दहा-अकरा वाजले की पाण्यावरची हवा तापून लहरायला लागते. दहापटीत त्या लहरीही मोठ्या दिसतात, पक्ष्याचा तपशील तितकाच राहतो. किनाऱ्यावर तिवई लावून स्पॉटिंग स्कोपवाले बसतात त्यांची २०-६० पट ही निराळी गोष्ट. ८ आणि १० मधला फरक एकाच गावातल्या दोन स्टॉपांमधला आहे. गाव बदलत नाही.

दुसरा उमेदवार म्हणजे तीच ८×४२, पण लाखांत किंमत असलेली युरोपातली. एका मित्राकडे आहे. त्याने एकदा पाहायला दिली तेव्हा मी दोन मिनिटं गप्प झालो होतो. पांढऱ्याशुभ्र बगळ्याच्या कडेला माझ्या दुर्बिणीत जी बारीक जांभळी किनार दिसते, ती तिथे नव्हतीच. चित्र अगदी कडेपर्यंत टोकदार. हे उगाच होत नाही. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत रूफ प्रिझम असतो. त्यात प्रकाशाचे दोन भाग होतात, ते परत एकत्र येताना जरा बिनसतं, आणि चित्राची धार जाते. त्यावरचा लेप झाइसने १९८८ मध्ये आणला, आणि आज तो मध्यम किमतीच्या दुर्बिणींतही मिळतो. (जुन्या सिनेमातले कर्नलसाहेब वापरतात ती खांद्यात रुंद दुर्बीण वेगळी. तो पोरो प्रिझम, इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४ मध्ये पेटंट घेतलेला. तिला ह्या लेपाची गरजच नसते, म्हणून कमी पैशात चांगलं चित्र हवं असेल तर आजही पोरोवाली वाईट नाही.) लाखांतली दुर्बीण खोटी नसते, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण तिच्यातून मला तेच पक्षी, त्याच जागी, त्याच शनिवार-रविवारी दिसणार होते. फक्त जास्त सुंदर.

तिसरा उमेदवार, खिशातली ८×२५. दोन बिजागऱ्यांची, मिटली की चष्म्याच्या घराएवढी होते. ऑफिसच्या बॅगेत पडून राहील. वजन कमी, पण ठिपका ३ मिमीचा. उन्हात झकास, पहाटे आणि झाडीत अंधुक.

चौथी मजेदार होती. पेंटॅक्सची पापिलिओ. साडेसहा पट आणि पुढची काच जेमतेम २१ मिमीची, पण अर्ध्या मीटरवर फोकस होते. नेहमीची ८×४२ दोन-तीन मीटरच्या आत धूसर होते. इतक्या जवळचं बघताना आपले डोळे आत वळतात, तशी हिची पुढची भिंगंही जवळ सरकतात. फुलपाखराच्या पंखावरचे खवले, मुंग्यांच्या रांगेतली एकेक मुंगी... हिच्यावर माझा जीव जडला होता हे कबूल.

एवढं सगळं शीटमध्ये भरून झाल्यावर मी काढली वही. पक्षी पाहायला जाऊन आलो की मी तारीख, जागा, काय दिसलं आणि काय हुकलं, हे लिहून ठेवतो. म्हटलं, नवीन फीचर कुठलं हवंय हे ठरवण्याआधी जुने बग रिपोर्ट वाचावेत. गेल्या दोन वर्षांत काय काय हुकलं, आणि का?

'फार लांब होता' असं चार-पाच वेळा. 'अंधार झाला' तीनदा. 'फुलपाखरू, फोकस झालं नाही' दोनदा. आणि पानोपानी होती ती वेगळीच ओळ. 'दाखवेपर्यंत उडाला.'

स्वर्गीय नर्तक, सिंहगड व्हॅली. दाखवेपर्यंत उडाला. हळद्या, वेताळ टेकडी. दाखवेपर्यंत उडाला. तुम्ही कधी एका दुर्बिणीत दोघांनी पक्षी पाहिलाय का? "ती वाळकी फांदी दिसतेय? तिच्या डावीकडे... अगं, तुझ्या नाही, झाडाच्या डावीकडे..." मग दुर्बीण गळ्यातून काढायची, पट्टा कानात अडकतो, समोरच्याने बिजागरी आपल्या डोळ्यांच्या मापाची करायची, फोकस फिरवायचा. तोवर फांदी तेवढी हलत असते. एका दुर्बिणीने दोघांना एकच पक्षी एकाच वेळी दिसत नाही. एकाला पक्षी दिसतो आणि दुसऱ्याला त्याचं वर्णन ऐकू येतं.

आणि वहीतल्या ह्या ओळी वाचताना लक्षात आलं की यातल्या निम्म्या आमच्या गॅलरीतल्या आहेत. 'दाखवेपर्यंत' मधली दाखवायची व्यक्ती तिथे आई होती.

२०२३ मध्ये बाबा गेले. आई चिपळूणचं घर बंद करून आमच्याकडे पुण्याला आली. चिपळूणला तिला मागचं परसू होतं, विहीर होती, येणारी-जाणारी माणसं होती. इथे चौथा मजला. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो, नात शाळेत. गुडघे दुखतात म्हणून जिना-उतार, टेकडी काही नाही. तिच्या वाट्याला आली ती गॅलरी, आणि गॅलरीसमोरचं उंबराचं झाड. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहून उंबराचा शेंडा डोळ्यांच्या उंचीवर मिळणं ही चैन आहे, हे पक्षीवाल्यांना सांगायला नको. फळं धरली की त्यावर जत्रा भरते.

आईने कधी पक्ष्यांचं पुस्तक उघडलेलं नाही. पण दयाळ, शिंपी, नाचण, कोतवाल, भारद्वाज ही मंडळी तिला आवाजावरून ठाऊक असतात. "दयाळ आज जरा कमी बोलला," असं ती चहा देताना सांगते, शेजारणीबद्दल सांगावं तसं. मात्र दुर्बीण दिली की लगेच परत करायची.

"काळं काळं येतं रे. मला नाही दिसत. माझे डोळेच गेले आता, तू बघ."

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, डॉक्टर म्हणतात नजर उत्तम. पेपर वाचते, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे पाहुणे आले तेही सांगते. मग दुर्बिणीतूनच काळं का? 'यूजरला दिसत नाही' अशी तक्रार आली की आधी यूजरचा डोळा तपासायचा नसतो, आधी सिस्टिम तपासायची.

एक कारण लगेच सापडलं. आई चष्मा लावते, मी लावत नाही. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या रबरी वाट्या माझ्यासाठी बाहेर काढलेल्या. चष्मेवाल्याने त्या आत फिरवायच्या असतात, नाहीतर डोळा काचेपासून लांब राहतो आणि नळीच्या तळाशी रुपयाएवढं चित्र दिसतं. साधा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसच्या चाकाने भागवता येतं. आईला सिलिंडरचा नंबर आहे, तो चाकाने जात नाही. वाट्या आत फिरवल्या. "आता?"

"मोठं झालं. पण दोन गोल दिसतायत. आणि कडेने काळं आहेच."

सिनेमात दुर्बिणीतून पाहताना पडद्यावर आडवा आठ दाखवतात ना, तसा. खरी दुर्बीण डोळ्यांना बरोबर बसली असेल तर तसं कधीच दिसत नाही. दोन गोलांचा एक गोल होतो. आईचे दोन दोनच राहात होते.

चष्म्याच्या दुकानातल्या तिच्या कागदावर एक आकडा होता, पीडी ५३. दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. माझं ६५ आहे. मग स्टीलची पट्टी घेऊन दुर्बिणीची बिजागरी पूर्ण मिटवली आणि ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत मोजलं. ५८. त्याहून जवळ ती येतच नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर प्रकाश आईच्या बाहुलीच्या बाहेरून निघून जात होता. डोळे उत्तम होते. माझी दुर्बीण माझ्या चेहऱ्यासाठी अगदी बरोबर होती, तिच्या चेहऱ्यासाठी कधीच नव्हती.

हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझे डोळे नाही गेले?"

"नाही. दुर्बीण मोठी आहे."

"मग असू दे," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. पण ती मान हलवत गेली ते मी पाहिलं.

त्या रात्री शीटमध्ये एक नवीन कॉलम टाकला, 'पीडी किमान'. आणि तमाशा झाला. चारपैकी तीन उमेदवार एका फटक्यात बाद. दुर्बिणीच्या जाहिरातीत हा आकडा मोठ्या अक्षरात कोणी छापत नाही, तपशिलाच्या तक्त्यात खाली कुठेतरी '५६-७४' असं लिहिलेलं असतं. बहुतेक दुर्बिणी ५६-५८ पासून सुरू होतात. लहान मुलांना आणि बारीक चेहऱ्याच्या बायकांना दुर्बिणीतून 'नीट दिसत नाही' याचं एक कारण हे असतं. आणि ती मंडळी 'आम्हाला नाही जमत' म्हणून बाजूला होतात.

उरली ती खिशातली ८×२५. दोन बिजागऱ्या असल्याने ती कितीही जवळ येते. पण तिच्यात चष्म्यासकट बघायला जागा नाही. चष्मेवाल्याला डोळा आणि काच यांच्यात निदान १५ मिमी अंतर राखून पूर्ण चित्र दिसायला हवं. त्याला आय रिलीफ म्हणतात. शिवाय ३ मिमीच्या ठिपक्यावर डोळा नेमका धरून ठेवणं, हात जरा थरथरत असताना, हा व्यायाम आहे, आनंद नाही.

मग पुन्हा पहिल्यापासून शोध. या वेळी रिक्वायरमेंट आईच्या. आठपट किंवा कमी. ५३ च्या खाली मिटणारी. आय रिलीफ १५ च्या वर. वजन ५०० ग्रॅमच्या आत, कारण ७०० ग्रॅमची माझी दुर्बीण ती दोन मिनिटांत खाली ठेवते. फोकसचं चाक सकाळच्या आखडलेल्या बोटांनीही फिरेल असं मऊ. पावसाळ्याचा विचार करून आत नायट्रोजन भरलेली, नाहीतर आतून काचेवर धुकं धरतं. शेवटी हाती लागली ती एक ८×३०. ४५० ग्रॅम, ५२ पासून पुढे. ठिपका पावणेचार मिमीचा, आणि सकाळी नऊच्या उन्हात आईच्या बाहुलीला तेवढा भरपूर.

किंमत? माझ्या १०×४२ साठी बाजूला ठेवलेल्या पैशांत एकच दुर्बीण येत होती. ही घेतली तर ती नाही. सरळ गणित.

ऑनलाइन मागवून मोकळं होता आलं असतं, पण चेहऱ्याला बसते की नाही हे कुरियर सांगत नाही. आईला म्हटलं, शनिवारी दुकानात जायचंय.

"मला कशाला? हौस तुला आहे."

"तुझ्या डोळ्यांचं माप घ्यायचंय."

"या वयात दुर्बीण घेऊन काय करू? लोक म्हणतील, म्हातारी घरात डोकावते."

हे 'मला कशाला' तुमच्याही घरी असेलच. साडी, फोन, हॉटेलातली भाजी, सगळ्याला आधी हेच. त्यावर वाद घालायचा नसतो. रिक्षा बोलवायची असते.

दुकानदाराने आधी एक भलीमोठी १०-७०×७० काढली. "काकू, ही घ्या, सत्तर पट!" भागाकार करा. सत्तर पटीवर ठिपका १ मिमीचा. शिवाय एवढी वजनदार की हातात धरून सत्तर पट म्हणजे भूकंपच. आम्ही नम्रपणे ती परत केली आणि आपली ८×३० मागितली. वाट्या आत, बिजागरी मिटवली. आईने दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यापलीकडे रोखली. मी डावा डोळा, उजवा डोळा, कडेची रिंग कशी फिरवायची ते सांगत होतो. ती काही बोलेना.

मग म्हणाली, "एकच झालं."

"काय?"

"गोल. दोन होते ना, एकच झाला." आणि थोड्या वेळाने, "त्या मिठाईवाल्याने 'शूद्ध तूप' लिहिलंय बघ. दीर्घ काढलाय." आई तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. दुर्बिणीची यापेक्षा कडक टेस्ट मी तरी पाहिलेली नाही.

२०२५ च्या जानेवारीत ही दुर्बीण घरी आली. गॅलरीत खुंटीवर लटकते. पेटीत बंद करून ठेवलेली दुर्बीण नसल्यासारखीच, पाखरू काही पेटी उघडेपर्यंत थांबत नाही. फक्त पावसाळ्यात दोन्ही दुर्बिणी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात जातात, कारण दमट हवेत काचेवर बुरशी धरते आणि ती साफ करायचा खर्च दुर्बिणीच्या किमतीला जाऊन भिडू शकतो. नातीला एकच नियम घालून दिलाय, सूर्याकडे कधीही रोखायची नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. हा नियम मोठ्यांनाही लागू आहे.

आता जे सांगायचंय ते. मी शनिवार-रविवारचा पक्षीनिरीक्षक. माझ्या वहीत सोमवार ते शुक्रवार कोरे. आईकडे रोज सकाळचे दोन तास. ती वही वगैरे करत नाही, दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहिते. फेब्रुवारीच्या पानावर १२ तारखेच्या चौकोनात, 'दूध १ लि.' याच्या खाली, होतं, 'तांबट वाळक्या फांदीला भोक पाडतोय.' बुधवार होता. मी ऑफिसात होतो. त्यानंतर जवळजवळ रोज, 'अर्धा आत जातो', 'दोघे पाळी लावतात', '१ लि., आज पूर्ण आत गेला.' तांबट म्हणजे आपल्या शहरातला नेहमीचा, टुक टुक करणारा, लाल कपाळाचा पक्षी. गेली अकरा वर्षं मी त्याला 'तांबट, २' असं लिहून पुढे जात होतो. त्याचं घर बांधलं जाताना पहिल्या दिवसापासून कोणीतरी पाहिलं, आणि ते माझ्याच गॅलरीतून, हे १०×४२ ने कधीच झालं नसतं.

त्याच फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होता. चार दिवस जगभर माणसं आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले सगळे पक्षी मोजायचे आणि यादी ईबर्डवर भरायची. आईने चारही दिवस मोजले, यादी मी भरली. अशा साध्या याद्यांचं काय होतं असं वाटत असेल तर २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल बघा. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर तो उभा आहे. ९४२ जातींचा आढावा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या २०४ कमी होताना दिसल्या. हे कळायला कोणीतरी साधे पक्षी साध्या दिवशी मोजावे लागतात. दुर्मीळ पक्ष्यामागे धावणारे आम्ही पुष्कळ आहोत. बुधवारी सकाळी घरी असलेली माणसं थोडी आहेत.

तेव्हा दुसरी दुर्बीण घ्यायची असेल तर माझं म्हणणं एवढंच. पहिलीपेक्षा भारी शोधू नका. पहिलीने जिथे काम होत नाही ती जागा शोधा. कदाचित ती जागा अंतराची असेल, मग १० पट घ्या. फुलपाखरांची असेल तर जवळ फोकस होणारी घ्या. पण त्याआधी एकदा आपल्या दुर्बिणीतून घरातल्या प्रत्येकाला पाहायला द्या आणि 'किती गोल दिसतात?' एवढं विचारा. कोणी 'दोन' म्हणालं किंवा 'मला नाही जमत' म्हणालं, तर त्याच्या डोळ्यांना दोष देऊ नका. पट्टी आणा.

पापिलिओ अजून माझ्या शीटमध्ये आहे. तिसऱ्या ओळीवर. पण आता गॅलरीतून दुर्बीण मागायला गेलो की आई म्हणते, "तुझी आहे ना? मग ती घे."